रेक्टर सर, तुम्ही त्याची जागा राखून ठेवलीत

आदरणीय रेक्टर सर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला खाजगीत पाठवता आलं असतं. उघडपणे लिहितेय ते भावाला विचारून. त्याने आधी सगळं वाचलं, दोन ओळी खोडल्या आणि "नावं आणि कॉलेज सोडून बाकी लिही, ताई" म्हणाला. तुमचं नावही घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण मुलाला शिकायला पुण्यात ठेवलेल्या घरांना आणि तुमच्यासारख्याच खुर्चीत बसलेल्या माणसांना हे कळावं असं मनापासून वाटतं, म्हणून चारचौघांत आभार मानतेय.

तुमचा फोन आला तेव्हा मी बार्शीला बँकेत दिवसअखेरची कॅश जुळवत होते. नंबर अनोळखी होता. तुमचं पहिलं वाक्य होतं, "तो सुखरूप आहे आणि आत्ता माझ्यासमोर बसलाय." मग तुम्ही तुमचं नाव सांगितलंत, मग हुद्दा, आणि त्यानंतर काय झालंय ते. सर, या क्रमाचे मी आजही आभार मानते. आधी हुद्दा आणि मग बातमी ऐकली असती तर मधल्या त्या दोन क्षणांत मी काय काय कल्पना केली असती कुणास ठाऊक. एमडी नावाचा अमली पदार्थ घेत होता, किती महिने ते नक्की माहीत नाही, दवाखान्यात दाखवून आणलंय, ठोके आणि बीपी आता ठीक आहे, असं एकेक करून सांगितलंत. "तुम्ही निघा. आईवडिलांना आज रात्री काही सांगू नका, सकाळी आपण दोघं मिळून सांगू." आबांच्या हृदयाचं दुखणं तुम्ही भावाकडून आधीच काढून घेतलं होतंत.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. 2015 मध्ये ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं. फेब्रुवारी 2024 मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून पुणे पोलिसांनी ते शेकडो किलोंनी पकडलं, तेव्हापासून गावातल्या पारावरही हे नाव सगळ्यांना ठाऊक झालंय. पण नाव ठाऊक असणं वेगळं आणि ते घेतलेला मुलगा समोर असताना काय करायचं हे ठाऊक असणं वेगळं. ते नाकाने ओढतात. दोन-तीन तासांत अंमल ओसरतो आणि लगेच पुन्हा हवंसं होतं, म्हणून मुलं रात्र रात्र घेत राहतात. भूक मरते, झोप उडते, जबडा आवळून येतो, कोणीतरी आपल्या मागावर आहे असे भास होतात. आणि सगळं उतरलं की मन इतकं खचतं की जीव नकोसा होतो. मुलाला एकटं सोडायचं नाही ते याच वेळी. तुम्हाला हे माहीत होतं. कुठून शिकलात ते मी विचारलं नाही, पण ज्या कोणी तुम्हाला शिकवलं त्यांचेही आभार.

ती रात्र तुम्ही त्याला खोलीवर ठेवलं नाहीत, तुमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत ठेवलंत. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली होतीत. मी पहाटे पोचले तेव्हा तुम्ही माझ्या हातात एक कागद दिलात, होस्टेलच्या लेट पासच्या वहीतलं पाठकोरं पान. त्यावर तुमच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: "11.30 – काकूंनी मऊ भात दिला, दोन घास. 1.40 – झोप नाही, पाणी अर्धा ग्लास, नाकातून थोडं रक्त. 3.15 – रडला. 4.50 – चहा, दोन बिस्किटं. 5.20 – झोपला." पुढे व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांनी तो कागद केसपेपरला जोडून घेतला, कारण आम्हा घरच्यांना त्यातलं एकही उत्तर देता आलं नसतं. त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे.

आमच्या घरात सगळ्यात मोठी भीती पोलिसांची होती. आबांचं पहिलं वाक्यच "आता पोराला आत घालणार का?" हे होतं. तुम्ही फोनवर त्यांना त्याच एनडीपीएस कायद्याचं कलम 64-अ सावकाश, दोनदा समजावून सांगितलंत. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल जवळ बाळगल्याचा आरोप असला, तरी त्याने आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले तर त्या आरोपाखाली खटल्यापासून त्याला संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते संरक्षण काढून घेता येतं. भावावर कुठलाही गुन्हा नव्हताच. पण कायदा उपचाराच्या आड येत नाही हे ऐकल्यावर आबा पहिल्यांदा जेवले. डॉक्टर आणि समुपदेशक ही माहिती बाहेर देऊ शकत नाहीत, मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्याने तो रुग्णाचा हक्क आहे, हेही आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, त्यामुळे आईला ते ऐकणं फार गरजेचं होतं. खेड्यात हे असंच असतं, त्याला इलाज नाही.

मग तुम्ही मुक्तांगणचं नाव घेतलंत. आई पटकन म्हणाली, "पुलं आणि सुनीताबाईंनी मदत केली होती तेच ना?" तेच. गर्दने, म्हणजे ब्राऊन शुगरने, मुंबई-पुण्यातली मुलं ओढून नेली त्या काळात, 1986 साली, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्याला सुरू केलेलं. आईच्या मनातलं "नशेडी लोकांची जागा" हे चित्र त्या एका ओळखीने पुसलं गेलं. पस्तीस दिवसांचा उपचार. गर्द किंवा अफूच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध हाताशी असतं, एमडीसाठी तसं ठरलेलं औषध नाही. तिथे झोप, जेवण, ठरलेला दिनक्रम, समुपदेशन आणि गटात बसून खरं बोलणं हाच उपचार. भावाला सगळ्यात जास्त बळ आलं ते स्वतः एकेकाळी तिथे पेशंट म्हणून आलेल्या आणि आता कार्यकर्ते झालेल्या माणसांशी बोलून. त्या सगळ्यांचे आभार मी वेगळे मानले आहेत.

पण तुम्हाला लिहायचंय ते त्यानंतरचं.

भाऊ केंद्रात होता तेव्हा इकडे कॉलेजच्या बैठकीत त्याचं नाव काढून टाकावं असा सूर लागला होता. आम्हाला हे फार उशिरा आणि तिसऱ्याच माणसाकडून कळलं, तुम्ही शब्दानेही बोलला नव्हतात. संस्थांना आपल्या नावाची काळजी असते आणि इतर पालकांनाही आपापल्या मुलांची. त्यात चुकीचं काही नाही. पण काढून टाकलेला मुलगा जातो कुठे? घरी तोंड दाखवता येत नाही म्हणून तो त्याच शहरात राहतो, भाड्याच्या खोलीत, जिथे रात्री दार वाजवून बघणारं कोणी नसतं आणि माल आणून देणारे तेवढे असतात. हे तुम्ही त्या बैठकीत सांगितलंत. विकणारा कोण ते शोधणं पोलिसांचं काम आहे, ते त्यांना करू द्या, आणि घेणारा आजारी आहे, त्याला आपण सांभाळू, असं म्हणालात.

आणि तुम्ही खोटेपणाही केला नाहीत, याचे मी दुप्पट आभार मानते. आबांनी भाबडेपणाने विचारलं होतं, हजेरीचं काही करता येईल का. तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. हजेरी 75 टक्के भरत नाही, टर्म ग्रँट होणार नाही, इयर डाऊन होईल. पण वैद्यकीय रजेचा अर्ज घ्या, प्रवेश कायम राहील, होस्टेलची खोली मी बघतो. ही जागा राखून ठेवली गेली म्हणून केंद्रातल्या त्या दिवसांत भावाकडे मोजायला काहीतरी होतं. तो समुपदेशकांना सांगायचा, "मला जूनमध्ये कॉलेजला जायचंय." त्याच्या गटातल्या एका मुलाला परत जायला कॉलेजच उरलं नव्हतं. भाऊ त्याच्याबद्दल अजून विचारतो.

परत आल्यावर तुम्ही जे केलंत त्यातलं बरंचसं कुणाच्या लक्षातही आलं नसेल. तळमजल्यावरची खोली, मेसच्या बाजूची. रूम पार्टनर एमटेकचा, वयाने मोठा, पहाटे पळायला जाणारा. फॉलोअपच्या वारी प्रॅक्टिकल येऊ नये म्हणून विभागात बोलून बदललेली बॅच. मेसचे पैसे मी परस्पर भरायचे आणि त्याच्या खात्यात आठवड्यापुरतेच टाकायचे, हेही तुमचंच सांगणं, आणि ते त्याला समोर बसवून, त्याच्या संमतीने. नवीन सिमकार्ड घेताना तुम्ही त्याच्याबरोबर गेलात. सबमिशन संपल्याची रात्र, गॅदरिंग, 31 डिसेंबर, या रात्री तुम्ही काहीतरी निमित्त काढून त्याला घरी जेवायला बोलावत होतात. काकूंच्या हातचं पिठलं त्याला आमच्या आईपेक्षा जास्त आवडतं, असं आई स्वतःच तक्रारीच्या सुरात आणि खुशीने सांगते.

एकदा पाय घसरला. ओरल झाल्या त्या संध्याकाळी जुनी मुलं टपरीवर भेटली आणि त्याने पुन्हा घेतलं. तुम्ही आधीच त्याच्याशी एक करार केला होतात: "घेतलंस तर पहिल्यांदा मला सांग. सांगितलंस तर ओरडणार नाही. लपवलंस तर ताईला फोन." पहाटे तो तुमच्या दारात उभा राहिला. तुम्ही ओरडला नाहीत. सकाळी स्कूटरवर मागे बसवून येरवड्याला घेऊन गेलात आणि तिथून मला फोन त्यालाच करायला लावलात. या आजारात घसरणं होतं, त्याने आधीचं सगळं वाया जात नाही, लगेच परत आलं की सावरता येतं, हे केंद्रात आम्हाला अनेकदा सांगितलं होतं. पण ते खरं आहे हे मला त्या फोनवरच्या त्याच्या आवाजाने पटलं. तो रडत होता, पण लपवत नव्हता.

रात्रपाळीच्या वॉचमन मामांचे आभार राहूनच जातील. "हे पोरगं तीन रात्री झोपलेलं नाही, साहेब, आणि उगाच मागे वळून वळून बघतंय" हे त्यांनी तुमच्या कानावर घातलं म्हणून पुढचं सगळं झालं. त्यांनी तक्रार केली असती तरी चाललं असतं, त्यांनी काळजी सांगितली. होस्टेलमध्ये कुणाचं बिनसलंय हे सगळ्यात आधी वॉचमनला आणि मेसच्या मावशींना दिसतं. त्यांना विचारणारा रेक्टर असावा लागतो.

आणखी एक, जे मी दर भेटीत बघते. व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा 14446 हा नंबर तुम्ही नोटीस बोर्डावर तर लावलाच आहे, पण प्रत्येक मजल्यावरच्या संडासाच्या दाराला आतून चिकटवलाय. बोर्डासमोर उभं राहून तो नंबर कोणता मुलगा उतरवून घेईल? आत, एकटा असताना घेईल. फोन मोफत आहे. बाकीच्या होस्टेलांनी एवढी एक गोष्ट जरी उचलली तरी माझं हे पत्र कामी आलं.

भाऊ आता शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा ग्रुप चांगला मिळालाय, एक विषय राहिलाय तो या वेळी निघेल असं म्हणतो. फॉलोअप चुकवत नाही. मागच्या महिन्यात पहिल्या वर्षाच्या एका मुलाला तोच तुमच्याकडे घेऊन आला हे त्याने मला सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं. त्या मुलाच्या घरी फोन करताना पहिलं वाक्य तेच बोलला असाल ना?

आबांना तुम्हाला हुरड्याला बोलवायचंय. ज्वारी यंदा चांगली आहे, अजून कणीस भरायचंय. हुरडा धरला की मी फोन करते. काकूंना आणा, जमलं तर वॉचमन मामांनाही. आणि सर, रजेचा अर्ज आधीच टाकून ठेवा, ऐनवेळी परीक्षेची ड्युटी सांगू नका, आबा ऐकणार नाहीत.

तुमच्या विद्यार्थ्याची
ताई