आधी आलेले आणि आता येणारे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, "कॅनडा आपल्या पोरांना हाकलतोय म्हणे?" असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

सरसकट हाकलत नाहीत, पण दार बरंच लोटून घेतलंय. २०२४ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आली. ऑक्टोबरात २०२५ साठीचं पीआरचं (म्हणजे कायम राहायच्या परवान्यांचं) उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. कारण घरटंचाईचं देतात. भाडी भयंकर वाढलीत, हे खरंच आहे. पण इथल्या मुलांच्या कितीतरी पट फी घेऊन या पोरांना बोलावलं कोणी? कॉलेजांनी. परवाने दिले सरकारने. आणि एका तळघरात पाचजण राहतात म्हणून नावं ठेवायची ती पोरांना!

आपल्याच लोकांचं बोलणं जास्त लागतं. गणपतीत मंडळात एक काका म्हणाले, "आमच्या वेळी पारखून घ्यायचे, आता कोणीही येतं." काका ज्या गुणांच्या पद्धतीने आले (शिक्षण, भाषा वगैरेंना गुण देऊन माणसं निवडायची), ती १९६७ ची. त्याआधी बराच काळ रंगच पारखत. १९१४ मध्ये ३७६ भारतीय प्रवाशांचं कोमागाता मारू जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडवून ठेवलं होतं. मायदेशातून थेट प्रवास करून आला नाहीत, हे एक कारण. आणि थेट येण्याची सोयच ठेवलेली नव्हती. हे मी काकांना ऐकवलं. त्यांनी आणखी एक मोदक घेतला.

नियम नकोत असं नाही. किती माणसं घ्यायची ते देशाने जरूर ठरवावं, पण माणूस घर सोडायच्या आधी. आमच्या खालच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला पीआरच्या निवडीत नोकरीच्या ऑफरचे ५० गुण मिळत होते. २०२५ च्या मार्चमध्ये ते गुणच रद्द झाले. तिच्या वडिलांनी शेत गहाण ठेवलंय. आई, परक्या पोरीला घरात कशाला ठेवलंस म्हणतेस ना, ती हीच. भाडं वाढवणार नाही.

आता तुमचं. आई-वडिलांना कायमचं आणायच्या योजनेत २०२५ मध्येही २०२० साली नाव नोंदवलेल्यांनाच बोलावलं. मला तेव्हा पीआर नव्हतं. म्हणून सुपर व्हिसा, म्हणजे आई-वडिलांना लांब मुक्कामाला येण्यासाठीचा व्हिसा. एका वेळी पाच वर्षं राहता येतं, पण किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो. बाबांच्या शुगरमुळे हप्ता जड जाईल, तो आम्ही बघू. पासपोर्टची मुदत तेवढी पाहून कळवा.

तुमची,
माई