अकराची नऊ नावं

क्रान्य, स्लोव्हेनिया

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

गेले दोन रविवार आई फोनवर विचारतेय, "तुझी ती अक्रोडाची पोळीवाली कशी आहे गं?" आणि मी दोन्ही वेळा "मजेत" म्हणून विषय बदलला. ती मजेत नाही. तिला आम्ही कामावरून कमी केलंय आणि ते पत्र तिच्या हातात देताना टेबलाच्या अलीकडे मी बसले होते. फोनवर जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. बाबा, आधी पूर्ण वाचा, मग बोला.

जर्मनीकडून गाड्यांच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी घटल्यात हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या कारखान्यात ८६ माणसं. नियोजनाचं बरंचसं काम दुसऱ्या देशातल्या शाखेकडे न्यायचं वरच्यांनी ठरवलं. पहिल्या बैठकीत आलेल्या यादीत अकरा नावं होती, दुसऱ्या दिवशी नऊ. नऊच का, हे मी विचारलं नाही. तुम्ही युनियनमध्ये होता, तुमच्या लगेच लक्षात येईल. इथल्या २०१३ च्या कामगार कायद्यात आकडा ठरलेला आहे. वीसपेक्षा जास्त आणि शंभरपेक्षा कमी कामगार असतील, तर तीस दिवसांत दहा जणांना काढलं की ती सामूहिक कपात. मग युनियनला लेखी कळवा, त्यांच्याशी चर्चा करा, रोजगार कार्यालयाला कागद पाठवा आणि कुणाला कुठल्या निकषावर काढताय ते मांडा. शिक्षण, अनुभव, काम कसं आहे, नोकरीची वर्षं, तब्येत, घरची परिस्थिती, सगळं बघायचं. दोघं सारखे ठरले तर ज्याच्या घरी ओढाताण जास्त, त्याला ठेवायचं. नऊ जणांना यातलं काहीच लागू नाही. तुमच्याकडचं 'शेवटी आला तो आधी जाईल' तेही इथं नाही. नवाच्या यादीसाठी आमच्याकडे फक्त विभागप्रमुखांना विचारलं. नियोजनाची विभागप्रमुख मी.

मी दोन नावं दिली. त्यातलं एक तिचं.

कारण खोटं नव्हतं. ती बघायची तेच काम इथून जातंय. त्या कामावर दोघी होत्या. दुसरी बाळंतपणाच्या रजेवर आहे, तिला कायद्यानं हात लावता येत नाही. पेन्शनला टेकलेल्यांनाही संरक्षण आहे. ही ५४ ची, मधल्यामध्ये सापडली. हे सगळं मी स्वतःला रोज सांगते. तरी रात्री झोप लागत नाही, ती नाहीच लागत.

इथं गेटवर नोटीस चिकटवून चालत नाही, बाबा. पत्र लेखी लागतं, कारण सविस्तर लिहावं लागतं आणि ते माणसाच्या हातात द्यावं लागतं. या कारणाला इथं 'पोस्लोव्नी राझलोग' म्हणतात, म्हणजे धंद्याचं कारण. माणसात खोट नाही, कामच उरलं नाही, असा अर्थ. ती कोर्टात गेली तर मालकाचा निर्णय शहाणपणाचा होता की नाही, हे कोर्ट बघत नाही. दिलेलं कारण खरं आहे का, एवढंच बघतं, आणि ते खरं आहे हे सिद्ध करायचं मालकानं. चार महिन्यांनी त्याच कामावर नवा माणूस दिसला, तर मालकाला उत्तर देणं जड जातं. पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत दावा लावायचा, हेही त्या पत्रातच लिहिलेलं असतं.

तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोन पानं सावकाश वाचली. मग खिशातली पेन्सिल काढून एका आकड्याखाली रेघ मारली. "बावीस," म्हणाली. आमच्या लोकांनी तिची नोकरी एकवीस वर्षं धरली होती. बावीसावं मागच्याच महिन्यात पूर्ण झालं होतं. अकरा वर्षं ती माझे तक्ते अशाच पेन्सिलीनं तपासत आली. मी उठले, पत्र नव्यानं छापून आणलं. तोवर ती खिडकीतून स्तोर्झिचच्या डोंगराकडे बघत बसली होती.

काढताना भरपाई मिळते ती अशी: वीस वर्षांपेक्षा जास्त नोकरी असली की दर वर्षामागे महिन्याच्या पगाराचा एक तृतीयांश. म्हणजे त्या एका आकड्यानं तिचे दहा दिवसांचे पैसे जाणार होते. बावीस वर्षांचे साडेसात महिन्यांना थोडे कमी, शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरी पगारावर. दहा ते वीस वर्षांना एक चतुर्थांश, दहापर्यंत एक पंचमांश. मला मात्र तुमचं कॅलेंडर आठवलं, ज्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला तुम्ही सातपूरचा कारखाना बंद झाल्यावर भरपाईचा हिशेब मांडला होता. अठरा वर्षं गुणिले पंधरा दिवस, २७० दिवस. नऊ महिन्यांचा पगार. इथं अठरा वर्षांना साडेचारच मिळाले असते. युरोपात म्हणे कामगाराची चंगळ! पण तुमचे नऊ महिने तीन हप्त्यांत आले आणि तिसऱ्यासाठी तुम्हाला किती खेटे घालावे लागले ते आईला विचारायला नको. इथं नोकरी संपते तेव्हाच सगळी रक्कम द्यावी लागते.

शेवटी तिनं एकच विचारलं, "नाव तू दिलंस?" मी हो म्हणाले. तिनं सही केली.

तिची नोटीस साठ दिवसांची आहे. तोवर ती रोज येते, माझ्या शेजारच्याच टेबलावर बसते आणि जे काम तिच्या हातून गेलं तेच पलीकडच्या शाखेतल्या पोराला फोनवर शिकवते. दुसरी नोकरी शोधायला आठवड्याला निदान दोन तास पगारी सुटी मिळते. बुधवारी ती लवकर निघते, आम्ही सगळे मान खाली घालून स्क्रीनकडे बघतो. दावा लावायचा की नाही हे तिनं अजून ठरवलेलं नाही. आज चौदावा दिवस. तिनं मला साक्षीला बोलावलं, तर अकराची नऊ कशी झाली ते मी सांगणार आहे. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल. आई, लगेच रडू नकोस.

पहिले तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. चौथ्या दिवशी कॉफीच्या मशीनजवळ म्हणाली, "तुझ्या वडिलांचा कारखाना बंद झाला होता ना? पहिला आठवडा त्यांनी कसा काढला?" मला सांगता येईना. मी सातवीत होते. तुम्ही घरातले सगळे नळ दुरुस्त केलेत, एवढंच मला आठवतं.

बाबा, कसा काढलात? मला लिहून पाठवा, मी तिला स्लोव्हेनियनमध्ये सांगेन. आणि आई, तिला तुझ्या चकल्या आवडल्या होत्या. भाजणी पाठवशील का?

तुमची,
मनू