गव्हर्नर जनरल निव्वळ शोभेचा नसतो, ग्रेनाडात काय झालं बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅरिबियन बेटांवरचा लेख आपल्या पेपरात वाचला, जमैका वगैरे देश ब्रिटनच्या राजाला राष्ट्रप्रमुखपदावरून काढायच्या मागे लागलेत तो. लेख चांगलाच आहे पण त्यात राजाच्या प्रतिनिधीला म्हणजे गव्हर्नर जनरलला 'निव्वळ शोभेचं पद' म्हणून एका ओळीत निकालात काढलंय, ते मला अजिबात पटलं नाही म्हणून लिहितोय. मी कॉलेजात होतो तेव्हा ग्रेनाडाच्या बातम्या रोज पेपरात यायच्या, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही आणि जेवढं मिळेल तेवढं वाचत आलोय.

आधी हे पद चालतं कसं ते थोडक्यात. आजही कॅरिबियन भागातल्या आठ देशांत ब्रिटनचा राजा हाच राष्ट्रप्रमुख आहे: जमैका, बहामाज, बेलीझ, ग्रेनाडा, अँटिग्वा-बार्बुडा, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, सेंट किट्स-नेव्हिस. राजा तिथे राहत नाही, त्याच्या नावाने गव्हर्नर जनरल काम बघतो. नेमणूक राजाच्या सहीने होते पण नाव त्या देशाचा पंतप्रधान सुचवतो, पगारही तिथल्याच लोकांच्या करातून जातो. कायद्यावर सही करायची, पंतप्रधानाला शपथ द्यायची, संसद बरखास्त करायची, फाशीची शिक्षा कमी करायची, सगळं याच्या सहीने आणि बहुतेक सगळं मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. इथवर शोभेचं म्हणा हवं तर. पण सल्ला द्यायला मंत्रिमंडळच उरलं नाही तर काय? ग्रेनाडात १९८३ साली नेमकं हेच झालं.

ग्रेनाडा म्हणजे केवढा देश, ३४४ चौरस किलोमीटर, आपल्या मुंबईच्या निम्म्याहून थोडा मोठा. जायफळाचं बेट, झेंड्यावरसुद्धा जायफळ आहे. ७ फेब्रुवारी १९७४ ला स्वतंत्र झाला, एरिक गेरी पंतप्रधान. १९७८ ला पॉल स्कून गव्हर्नर जनरल झाले, म्हणजे बेटावरचाच माणूस. पुढच्याच वर्षी १३ मार्च १९७९ ला गेरी न्यूयॉर्कला गेलेले असताना मॉरिस बिशप यांच्या न्यू ज्युएल मूव्हमेंट या पक्षाने सत्ता ताब्यात घेतली, राज्यघटना बाजूला ठेवली. आणि आता गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट बघा, क्युबाशी मैत्री असलेल्या या क्रांतिकारी सरकारने राणीला काढलं नाही! फर्मान काढून सांगितलं की राष्ट्रप्रमुख राणीच राहील, गव्हर्नर जनरलही राहील, फक्त क्रांती सरकार सांगेल तेवढंच काम करेल. साडेचार वर्षं स्कून त्या टेकडीवरच्या बंगल्यात राहिले, घटना नाही, संसद नाही, निवडणुका नाहीत, तरी राणीचा प्रतिनिधी जागेवर. बिशप यांना तो निरुपद्रवी वाटला असणार, बाहेरच्या देशांना दाखवायला बराही.

मग ऑक्टोबर १९८३. पक्षातल्या भांडणातून बर्नार्ड कोर्ड यांच्या गटाने बिशप यांना घरातच कैद केलं. १९ ऑक्टोबरला लोकांनी जमावाने जाऊन त्यांना सोडवलं आणि गडावर नेलं, तिथे सैनिक आले आणि बिशप, त्यांचे मंत्री यांना भिंतीला उभं करून गोळ्या घातल्या. त्यात शिक्षणमंत्री राहिलेल्या जॅकलिन क्रेफ्टही होत्या. लष्कराच्या हडसन ऑस्टिन यांनी सत्ता घेतली, चोवीस तासांचा कर्फ्यू लावला, बाहेर दिसेल त्याला गोळी घालणार असं रेडिओवर सांगितलं. आता या देशात पंतप्रधान नाही, मंत्रिमंडळ नाही, संसद चार वर्षांपासून नाही, उरलं कोण तर ज्याला सगळे शोभेचा समजत होते तो एकटा माणूस.

२५ ऑक्टोबरला पहाटे अमेरिकेचं सैन्य उतरलं, सोबत जमैका, बार्बाडोस आणि शेजारच्या छोट्या बेटांचे जवान. पहिल्याच तासांत नौदलाच्या कमांडोंची एक तुकडी हेलिकॉप्टरने स्कून यांच्या बंगल्यावर पाठवली. युद्धात एवढ्या घाईने ज्याला हात घालतात तो माणूस शोभेचा असतो का, हा माझा साधा प्रश्न आहे. ते कमांडो आत पोचले पण बाहेरून चिलखती गाड्यांनी वेढा घातला, मोठा रेडिओ हेलिकॉप्टरमध्येच राहून गेला होता, वर विमान घिरट्या घालून बंगल्याभोवती मारा करत होतं आणि स्कून, त्यांची पत्नी, नोकरमाणसं रात्रभर आत अडकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मरीन सैनिक आले तेव्हा सुटका झाली.

आणि मग ते पत्र. स्कून यांच्या सहीचं, शेजारी देशांकडे मदत मागणारं, तारीख २४ ऑक्टोबर म्हणजे हल्ल्याच्या आदल्या दिवसाची. सही मात्र झाली सुटका झाल्यावर. स्कून यांचं म्हणणं असं की मी आधीच तोंडी मदत मागितली होती, कागद नंतर झाला, आणि मी आक्रमण करा असं म्हटलं नव्हतं, बाहेरून मदत हवी एवढंच म्हटलं होतं. हल्ल्याच्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जी कारणं सांगितली त्यात शेजारी देशांची विनंती होती, तिथे शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांची काळजी होती, स्कून यांचं नाव नव्हतं, ते नंतर आलं. नाव उशिरा का आलं याचं कारण अमेरिकेने दिलं की स्कून यांच्या जिवाला धोका होता. असेलही, मी त्या माणसाला खोटारडा म्हणणार नाही, बाहेर गोळ्या घालणारे बसलेत, अशा वेळी कोण कागदावर लिहून देईल? माझं म्हणणं वेगळं आहे. एका देशात परकं सैन्य बोलवायचा अधिकार एका न निवडलेल्या माणसाला आहे की नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नव्हतं म्हणूनच त्याच्या सहीची एवढी किंमत झाली. ज्या राणीच्या नावाने तो बसला होता तिला कुणी विचारलं नाही. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर यांचा विरोध होता तो रेगन यांनी मानला नाही, आणि आदल्याच दिवशी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री जेफ्री हाऊ संसदेत सांगून बसले होते की अमेरिकेचा असा काही इरादा आपल्याला माहीत नाही. २ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०८ विरुद्ध ९ मतांनी या कारवाईचा निषेध झाला.

आपल्याकडच्या वाचकांना लागून असलेली गोष्ट म्हणजे त्याच महिन्यात, नोव्हेंबर १९८३ ला, राष्ट्रकुल प्रमुखांची परिषद दिल्लीत इंदिरा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरली आणि पाहुणे मधे गोव्यालाही गेले. गोव्यात पर्वरी-साळगाव भागात 'चोगम रोड' म्हणतात तो रस्ता त्याच परिषदेच्या नावाचा, चोगम ही तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. ग्रेनाडावरून त्या वेळी राष्ट्रकुलात सरळ दोन तट पडलेले, कॅरिबियन देशच एकमेकांसमोर, काहींनी सैन्य पाठवलेलं आणि त्रिनिदाद, गयाना विरोधात. शेवटी भर दिला तो बेट पुन्हा उभं करण्यावर.

पुढचं तर लेखात यायलाच हवं होतं. परिषद उरकली, सैन्य फिरतंय आणि देश चालवला कोणी तर स्कून यांनीच. घटना बंद पडलेली तरी त्यांनी फर्मानं काढून कारभाराचे अधिकार हातात घेतले, निकोलस ब्रॅथवेट यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार मंडळ नेमलं आणि ३ डिसेंबर १९८४ ला निवडणूक घेतली, हर्बर्ट ब्लेझ यांच्या पक्षाला १५ पैकी १४ जागा मिळाल्या. सत्ता निमूटपणे देऊन टाकली हे स्कून यांचं मोठेपण, मी ते मानतो. पण दुसरा कोणी असता आणि त्याने वर्षाची तीन वर्षं केली असती तर त्याला अडवायला कायद्यात काय होतं? बिशप यांच्या खुनाचा खटला चालला तेव्हा आरोपींच्या वकिलांनी हाच मुद्दा काढला की हे कोर्टच घटनेबाहेरचं आहे, तर न्यायाधीशांना गरजेपोटी चालवून घेतलं असं म्हणावं लागलं. त्याच खटल्यात १४ जणांना फाशीची शिक्षा झाली आणि १९९१ ला ती जन्मठेपेवर आली, तेव्हाही गव्हर्नर जनरल स्कूनच होते. एवढी माणसं जिवंत राहणार की नाही इथपर्यंत ज्याची सही लागते त्याला शोभेचा म्हणायचं?

काही वाचक म्हणतील की मग राजाच काढून टाका, प्रश्न मिटला. लेखाचा सूरही तसाच आहे. मला राजा राहावा असं मुळीच वाटत नाही, दोनशे-अडीचशे वर्षं गुलामांच्या श्रमावर ऊस पिकवून घेतला त्या राजघराण्याचा फोटो त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांनी कचेरीत कशाला लावायचा. पण राजा गेला म्हणून हे अधिकार जात नाहीत. त्रिनिदाद १९७६ ला प्रजासत्ताक झालं, गव्हर्नर जनरल एलिस क्लार्क तेच पहिले राष्ट्राध्यक्ष. डिसेंबर २००१ च्या निवडणुकीत दोन्ही पक्षांना १८-१८ जागा मिळाल्या, राष्ट्राध्यक्ष रॉबिन्सन यांनी पंतप्रधान बासदेव पांडे यांना बाजूला ठेवून पॅट्रिक मॅनिंग यांना शपथ दिली, कारण सांगितलं नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यं. मग संसदेत सभापतीसुद्धा निवडता येईना आणि २००२ ला परत निवडणूक. त्याच रॉबिन्सन यांनी त्याआधी निवडणुकीत पडलेल्या सात जणांना सिनेटवर नेमायची पंतप्रधानांची शिफारस कित्येक आठवडे अडवून धरली होती.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या कोणाला आपली बारा आमदारांची यादी आठवणार नाही? मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० ला नावं पाठवली, राज्यपालांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही, हायकोर्टाने ऑगस्ट २०२१ ला सांगितलं की वाजवी वेळेत निर्णय घ्यायला हवा, तरी यादी पडूनच राहिली आणि शेवटी सरकारच बदललं. आणि मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, पण तोवर मुख्यमंत्री राजीनामा देऊन मोकळे झाले होते, त्यामुळे मागचं काही फिरवता आलं नाही. कोणत्या पक्षाचा फायदा झाला हा माझा विषय नाही, उद्या उलटं होईल. राजा काढून आपल्याला पंच्याहत्तर वर्षं झाली तरी 'वाजवी वेळ' म्हणजे किती दिवस हे त्या वेळी कुठे लिहिलेलं नव्हतं.

बार्बाडोसने ३० नोव्हेंबर २०२१ ला राणीला निरोप दिला तेव्हा गव्हर्नर जनरल सँड्रा मेसन याच राष्ट्राध्यक्ष झाल्या, अधिकार जवळपास जसेच्या तसे, नवी घटना मागाहून करू असं ठरवलं. जमैकाने डिसेंबर २०२४ ला विधेयक मांडलं तेव्हा वाद झाला तो मुख्यतः लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या शेवटच्या अपील कोर्टाकडे, जाणारी अपिलं बंद करायची की नाही यावर, आणि तोही महत्त्वाचा वाद आहे, पण संकटाच्या दिवशी राष्ट्राध्यक्षाने काय करायचं आणि काय करायचं नाही यावर मला फार चर्चा दिसली नाही. सेंट व्हिन्सेंटमध्ये २००९ ला नव्या घटनेवर सार्वमत झालं, दोन तृतीयांश मतं हवी होती, मिळाली ४३ टक्के. तिथल्या साध्या मतदाराला राजा गेला काय राहिला काय याने फरक पडत नसेल, पण त्या बंगल्यात बसलेल्या माणसाच्या हातात काय काय आहे हे त्याला नीट सांगितलं असतं तर त्याने वेगळा विचार केला असता असं मला वाटतं.

तेव्हा आपल्या प्रतिनिधींना माझी विनंती आहे की पुढचा लेख करताना झेंडा, राष्ट्रगीत, नोटेवरचा फोटो यात सगळी जागा घालवू नका. नव्या राष्ट्राध्यक्षाला कोण काढू शकतं, संसद बरखास्त असताना तो कोणाचं ऐकणार, बाहेरच्या देशाला तो स्वतः पत्र लिहू शकतो का, हे तिन्ही प्रश्न जमैकाच्या विधेयकात शोधून छापा.

आपला नियमित वाचक,
सांगली