प्रेसिडन्सचा तक्ता पाठ करून काय होणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं की अकरावी-बारावीच्या आयटीच्या पोरांना ऑपरेटर प्रेसिडन्सचा तक्ता (म्हणजे एका ओळीतल्या चिन्हांपैकी कुठलं आधी सोडवायचं, तो क्रम) पाढ्यांसारखा पाठ करून घ्यावा, म्हणजे कोडमधल्या चुका कमी होतील. मी स्वतः हाच विषय शिकवतो आणि मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

आपल्या स्टेट बोर्डाच्या आयटीत जावास्क्रिप्ट पण आहे आणि पीएचपी पण, दोन्ही प्रोग्रामिंगच्या भाषा. पोरं येतात ती शाळेतलं कंचेभागुबेव घेऊन, आणि बेरीज-गुणाकाराला ते पुरतंही, पण < आणि == (दोन्ही बाजू सारख्या का) आणि && (म्हणजे 'आणि') आले की कंचेभागुबेवमध्ये ह्यांना जागाच नाही. घोळ सगळा तिथे होतो.

एसटीचंच घ्या ना. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढे फुकट, आणि हे सगळं राज्याच्या हद्दीत. आता एखाद्या पोराला म्हटलं की पुरुष-बाई कोणीही असो, अर्ध्या तिकिटाची अट लिही (७५ चं आत्ता सोडून दे), तर तो लिहितो: महिला || वय >= ६५ && राज्यात. (|| म्हणजे 'किंवा'.) वाचायला एकदम बरोबर वाटतं. पण && हा || च्या आधी पकडला जातो, म्हणजे 'राज्यात' ही अट फक्त वयाला चिकटली आणि महिला एकटी मोकळी राहिली. मग पणजीच्या गाडीत हद्द ओलांडल्यावरही बाईला अर्धंच तिकीट आणि शेजारच्या सत्तर वर्षांच्या आजोबांना मात्र पूर्ण! एरर वगैरे काही येत नाही, प्रोग्राम मस्त चालतो, म्हणूनच तर वैताग. (महिला || वय >= ६५) && राज्यात असं लिहिलं की विषय संपला, त्याला तक्ता कशाला पाहिजे.

ह्याच्या पुढची गंमत तर तक्त्यात सापडतच नाही. ६५ ते ७५ म्हटल्यावर गणिताच्या वहीत लिहितो तसं पोरगं लिहितं, ६५ <= वय <= ७५. पायथॉनमध्ये हे अगदी व्यवस्थित चालतं, कारण त्या भाषेने अशी साखळी मुद्दाम ठेवली आहे. जावास्क्रिप्टमध्ये मात्र डावीकडून एकेक सोडवलं जातं. वय २० असेल तर आधी ६५ <= २० होतं, त्याचं उत्तर फॉल्स, मग तो फॉल्स ० धरून ० <= ७५ तपासतात आणि उत्तर येतं ट्रू. वय ९० असलं तर ट्रूचा १ होतो आणि १ <= ७५, परत ट्रू. थोडक्यात कॉलेजची पोरं, पन्नाशीतले काका, सगळेच ज्येष्ठ नागरिक. कुणाला खोटं वाटत असेल तर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून कन्सोलमध्ये टाकून बघा, व्हेरिएबलचं नाव मराठीत 'वय' ठेवलं तरी जावास्क्रिप्ट घेते बरं का, फक्त आकडे तेवढे इंग्रजी टाका.

आणि वय फॉर्मच्या टेक्स्टबॉक्समधून घेतलं असेल तर ते आकडा नसतं, टेक्स्ट असतं. दोन टेक्स्टबॉक्समधली वयं थेट एकमेकांशी ताडून बघितली तर "१००" हे "७५" पेक्षा लहान निघतं, कारण आधी पहिलं अक्षर बघतात आणि १ हा ७ च्या आधी येतो. आधी नंबरमध्ये बदलून घ्या, आणि == च्या ऐवजी === (जो आकडा आणि टेक्स्ट एकच धरत नाही) वापरायची सवय लावा, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगतो. पीएचपीत तर अजून मजा, आकडा ० आणि "एसटी" असला कुठलाही शब्द == ने ताडला तर सातव्या व्हर्जनपर्यंत ट्रू यायचं, २०२० साली आठवं आलं तेव्हापासून फॉल्स येतं. क्लासच्या जुन्या झेरॉक्स नोट्स मात्र अजून फिरतायत.

तक्ता पाठ केलाच तरी कुठल्या भाषेचा करणार? वजा दोनचा वर्ग, कंस न टाकता, एक्सेलमध्ये ४ येतो, पायथॉनमध्ये -४ येतो, आणि जावास्क्रिप्ट सरळ सिंटॅक्स एरर देते की बाबा आधी कंस टाक. म्हणजे भाषा बनवणाऱ्यांनीच हात जोडले. एकेरी & (आकड्यांचे बिट ताडणारा) चा क्रम == च्या खाली का, तर सी भाषेत && नंतर आला, आणि तोपर्यंत लिहिलेला कोड मोडू नये म्हणून & ला होता तिथेच ठेवलं, हे ती भाषा बनवणारे डेनिस रिची यांनी स्वतः सांगितलेलं आहे. जावास्क्रिप्ट आणि पीएचपीने तो क्रम तसाच उचलला, पायथॉनने बदलला. अशा जुन्या तडजोडी सोळा वर्षांच्या पोराने घोकायच्या, कशासाठी?

आता सगळीकडेच कंस टाका असंही माझं म्हणणं नाही, वय + १ >= ६५ ला कंस लावणारे पण आहेत, ते वाचताना डोकं उठतं. जिथे && आणि || एकाच ओळीत आले तिथे टाका, एवढं पुरे.

पेपरात तक्ता विचारण्यापेक्षा वरच्यासारखी अट द्या आणि विचारा कुणाकुणाला अर्धं तिकीट मिळेल. नाहीतर दोन मार्काला हे विचारा की जावास्क्रिप्टमध्ये ३ > २ > १ चं उत्तर फॉल्स का येतं. तक्ता पाठ असलेल्या पोराला त्याचा इथे शून्य उपयोग, दोन्हीकडे ऑपरेटर तर एकच आहे.

आपला,
एक आयटी शिक्षक, सांगली