गज घालून बघा

बोझमन, माँटाना
महालक्ष्म्या उठून आठवडा झाला

तीर्थरूप आबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सासऱ्याची बंदूक तुला कामून दिली? त्यांना पोरं न्हाईत का?" मागून मायचा आवाज आला, "आपल्या घरात माळ हाय म्हनावं." मी हसून वेळ मारून नेली. असलं फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून कागद घेऊन बसले. फोटो काढून दादाच्या मोबाइलवर पाठवते, मूळ पत्र टपालाने यायचं तेव्हा येईल. मायला वाचून दाखवताना मांसाचं तेवढं गाळा.

पोरं आहेत, दोन. थोरल्याला शहर सोडवत नाही आणि धाकटे म्हणजे तुमचे जावई, त्यांना रक्त बघवत नाही. मी मात्र सासऱ्यांसोबत पाच हंगाम डोंगर चढले, पहिले दोन तर नुसती ओझं वाहायला. १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्याला इथे शिकारीचं शिक्षण पुरं केल्याशिवाय परवाना मिळत नाही, तेही मी केलं. वसंतात ते गेले, आणि कागदपत्रं उघडली तर रायफलीपुढे माझं नाव.

विंचेस्टर मॉडेल ७०. हे मॉडेल १९३६ साली आलं, ही नंबरावरून १९५१ची निघाली. १९६४ साली कारखान्याने बनावट बदलली, म्हणून त्याआधीच्या रायफलींना इथले जुने लोक फार मानतात. काडतूस .३०-०६. त्यातला ३० म्हणजे नळीचं माप, इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले तीस, आणि ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकेच्या लष्कराने ते घेतलं ते साल. रायफल म्हणजे पंच्याहत्तरीची म्हातारी म्हणा ना.

एल्कचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटाकडे उघडतो आणि पाच आठवडे चालतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं, पण थोराड. मोठा नर ३०० किलोच्या पुढे जातो. एक मिळाला तर वर्षभर दुकानातून मटण आणावं लागत नाही, आणि खाण्याजोगं मांस तिथे टाकून येणं हा इथे गुन्हा आहे. (हेच ते, गाळायचं.)

आता बंदुकीचं. सासऱ्यांनी ती शेवटची सात-आठ वर्षं चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवली होती. चामडं ओल धरतं. बाहेर काढली तर म्यानाची शिवण जिथे टेकली होती तिथे नळीवर तांबूस गंजाची रेघ. वरवरचीच होती, तेल आणि बारीक लोखंडी लोकरीने हलक्या हाताने गेली. पण त्याआधी काय केलं, तर बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता दांडा, मागे ओढला आणि काडतुसाच्या घरात करंगळी घातली. रिकामं होतं. ते असणार हे मला माहीत होतं, मीच ती शेवटची रिकामी करताना पाहिली होती. तरी घातली.

नळीतून उजेड बघायला गेले तर उजेडच नाही. त्यांनी ठेवताना आतून दाट ग्रीस भरलं होतं, गंज लागू नये म्हणून. तशीच कुणी उडवली असती तर नळीला धोका. गजाला चिंधी लावून मागच्या बाजूने पुढे ढकलत गेले. पुढून घातला तर तोंडाची कड घासते, आणि गोळी शेवटचं सोडते ती त्या कडेलाच. ग्रीस गेलं, मग काळं निघालं, मग निळं. आबा, चिंधी मोरपिशी रंगाची! पितळेची भांडी चिंचेने घासताना पाणी होतं तसं काहीसं. गोळीवरचं तांबं नळीतल्या पिळदार खाचांत वर्षानुवर्षं बसलेलं असतं, अमोनियाचं औषध लावलं की ते निळं होऊन सुटतं. चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या दिवशी चिंधी पांढरी आली तेव्हा मी जावयांना झोपेतून उठवून दाखवली. त्यांना काय कळतंय.

बोल्टमधलं तेल चिकट होऊन खळीसारखं झालं होतं. इथे नोव्हेंबरात पारा शून्याखाली दहा-पंधरा उतरतो, अशा थंडीत ते घट्ट होतं आणि आतली सुई सुस्तावते. खटका दाबला तरी काडतूस पेटेलच असं नाही. बोल्ट उघडून धुऊन कोरडा केला, अगदी नावापुरतं तेल लावलं आणि रात्रभर फ्रीजरात मटारांशेजारी ठेवला. सकाळी सुई टणकन आली.

यापुढचं माझ्या हातचं नव्हतं. गावात एक जुना बंदूक-कारागीर आहे, त्याच्याकडे नेली. काडतूस आपल्या घरात नीट बसतं की मागे फट राहते, हे तो पोलादी मापं घालून बघतो. ते माप बरोबर निघालं. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. नळी आणि लाकूड यांच्यामधून त्याने एक नोट सरकवली, ती मध्येच अडकली. पावसाळ्यात आपल्या कुऱ्हाडीचा दांडा फुगतो ना, तसं लाकूड फुगून नळीला एका अंगाने रेटत होतं. अशी बंदूक आज एकीकडे मारते, ओल बदलली की दुसरीकडे. त्याने तेवढंच तासलं. बाकी दस्त्यावरचे ओरखडे, सासऱ्यांच्या अंगठ्याने झिजलेली जागा, कशाला हात लावू दिला नाही. नव्यासारखी करून देऊ का असंही तो म्हणाला नाही, म्हणून मला आवडला.

दुर्बीण जुनी, आतून धूसर झालेली. तिचं काही होण्यासारखं नव्हतं, नवी बसवली. काडतुसांचे त्यांचे दोन डबे होते, काहींवर हिरवा कळंक. तेही बाजूला. नवी १६५ ग्रेनची घेतली, म्हणजे गोळी पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास, निव्वळ तांब्याची. शिशाची गोळी अंगात फुटून बारीक कण पसरतात. आतडी डोंगरातच राहतात, ती गरुड खातात आणि विषबाधेने मरतात. आपल्या ताटातही ते कण येतात ते वेगळंच.

मग निशाणा. आधी बोल्ट काढून नळीतून २५ यार्डांवरचा कागद बघायचा, दुर्बीण त्याच ठिपक्यावर आणायची, मग पहिली गोळी. तिथे जमलं की १०० यार्ड. तीन गोळ्या मारायच्या आणि नळी गार होईपर्यंत चहा प्यायचा, घाई केली की तापलेली नळी खोटं बोलते. १०० यार्डांवर दोन इंच वर लागेल अशी बसवली, म्हणजे २०० यार्डांवर बरोबर जागेवर आणि ३०० ला साधारण आठ इंच खाली. मी २०० च्या पलीकडे मारणार नाही, सासरेही मारत नसत.

पण पहिल्या दिवशी गोळ्या कागदावर ज्वारी फेकल्यासारख्या. मी दस्त्याला दोष दिला, दुर्बिणीला दिला. शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंनी माझ्या नकळत मध्येच एक खोटं काडतूस भरलं. खटका दाबला, आवाज झालाच नाही, आणि नळी चांगली चार बोटं खाली झुकलेली सगळ्यांनी पाहिली. धक्का बसायच्या आधीच मी दचकत होते. बंदूक शहाणी होती. आता रोज रात्री रिकाम्या बंदुकीवर पन्नास वेळा खटका दाबते, दुर्बिणीतला दोरा हलू न देता. मग परत जाऊन मारल्या त्या तीन गोळ्या लिंबाएवढ्या जागेत बसल्या. तो कागद भिंतीला लावलाय. अंगावर घालायला गडद केशरी जाकीट आणलं, इथे कंबरेच्या वर ४०० चौरस इंच तो रंग दिसलाच पाहिजे असा कायदा आहे. दिंडीतल्या पताकेसारखी दिसते मी त्यात.

आबा, एवढं सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी. काडतुसाच्या त्या रिकाम्या घरात करंगळी घालताना मला आज्जाची ठासणीची बंदूक आठवली, तोंडातून दारू ठासून भरायची ती.

मी सातवीत होते. भुईमुगात रानडुकरं शिरली होती, पाऊस लागलेला. आज्जाने बांधावरून बार काढायचा म्हणून चाप ओढला. बार पेटवणारी टोपी फट् करून उडाली आणि पुढे काहीच नाही. दारू सर्दावली असेल. "उद्या बघू" म्हणाला आणि आपण पत्रा बडवत डुकरं हाकलली. त्याच आठवड्यात आज्जाने अंथरूण धरलं. तो उद्या आला का? मला आठवत नाही, आणि तुम्हीही त्या दिवसांत दवाखान्यातच होतात. त्यानंतर परवाना तुमच्या नावावर झाला, निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. पण तिथे नंबर बघतात आणि पावती देतात. नळीत कोण बघतं?

काळी दारू कोरडी झाली की वर्षानुवर्षं जिवंत राहते. आणि खंडेनवमीला आपण तिला तेल लावून, झेंडूची माळ घालून, पुढ्यात समई लावतो. लेकरं तिथेच खेळत असतात.

तेव्हा या खंडेनवमीच्या आधी एवढं करा. लेकरांना बाहेर काढा. नळीच्या मागच्या बोंडावर, टोपी बसवतात तिथे, टोपी नाही ना ते पहिल्यांदा बघा. नळीचं तोंड कुणाकडे नको, तुमच्याकडेही नको. बाजूला उभं राहून तिचाच गज हळूच आत सोडा, ठोकू नका. जिथे थांबेल तिथे नळीच्या तोंडाशी गजावर खडूची खूण करा. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा, खूण तोंडाशी धरून. गजाचं टोक बोंडाच्या मुळाशी पोचलं तर ती रिकामी. चार बोटं अलीकडे राहिलं तर आज्जाचा बार अजून आत आहे.

तसं निघालं तर उडवून बघू नका, खरवडून काढू नका, दादालाही करू देऊ नका. चुलीपासून, समईपासून लांब ठेवा आणि ठाण्यात सांगून परवानाधारक कारागिराकडून उतरवून घ्या. लोक हसतील, हसू द्या.

गज कुठे थांबला ते मला त्याच दिवशी फोन करून सांगा, इथे रात्र असली तरी. मायच्या गुडघ्याचं तेल संपलं का तेही सांगा. यंदा तुळजापूरला चालत जायचं म्हणत होती, तिला गाडीने न्या.

तुमची,
सुमन