बंदुकीमागचं शहर उलगडून दाखवल्याबद्दल

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

शेजारच्या आजींच्या दुनळी बंदुकीचं कोडं तुमच्यामुळे सुटलं. आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे पत्र.

बाजूच्या पट्टीवर ‘बी. किट्रेज अँड कंपनी, सिनसिनाटी’ एवढंच कोरलेलं; सिनसिनाटी म्हणजे आपल्या ओहायोतलंच शहर. हे कारागिराचं नाव नव्हे, मेन स्ट्रीटवरच्या व्यापाऱ्याचं, हे तुम्ही बघताक्षणी सांगितलंत. तेव्हा मोठे दुकानदार बाहेरून माल मागवून त्यावर आपलं नाव घालत. मग नळ्या उतरवून खालचा ठसा भिंगातून दाखवलात: लंबगोलात ‘ईएलजी’, खाली तारा. नळी बार सोसते का, हे तपासणारी बेल्जियममधल्या लिएजची चाचणी. वर मुकुट नाही, म्हणजे १८९३ च्या आधीची. पुढे विल्यम्सच्या जुन्या शहर-डिरेक्टऱ्या (रहिवासी नि दुकानांच्या पत्त्यांची वार्षिक पुस्तकं) एकेक वर्ष मागे उलटत त्या दुकानाचा माग काढलात. तुमची ती चिकाटी मी विसरणार नाही.

आजींच्या घरात तिला ‘स्पर्धेची बंदूक’ म्हणत, पण कसली स्पर्धा, कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही ट्रॅपशूटिंगचा, म्हणजे हवेत सोडलेलं लक्ष्य छर्ऱ्याच्या बंदुकीने टिपायच्या खेळाचा, सगळा पट मांडलात. आधी पेटीतून सोडलेली जिवंत कबुतरं. १८७७ मध्ये नेमबाज कॅप्टन बोगार्डसचे काचेचे गोळे, छर्रे घसरू नयेत म्हणून बाहेरून खरबरीत केलेले. आणि १८८० मध्ये सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगोव्स्कीने पेटंट घेतलेली मातीची तबकडी. पाण्यावर भाकऱ्या काढणाऱ्या पोरांकडे बघून त्याला ती सुचली म्हणतात. पहिल्या तबकड्या इतक्या कडक भाजलेल्या की छर्रा लागूनही फुटत नसत! १८८३ मध्ये याच तबकड्यांवर दुसरा नामांकित नेमबाज कार्व्हर आणि बोगार्डस २५ सामने खेळले, त्यांतले १९ कार्व्हरने जिंकले.

मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. १८८१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या एकाच स्पर्धेसाठी सुमारे २०,००० पॅसेंजर पिजन, म्हणजे अमेरिकेतली रानकबुतरं, आणली होती, आणि त्या जातीचा शेवटचा पक्षी, मार्था नावाची मादी, १ सप्टेंबर १९१४ रोजी याच सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावली. हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. लिगोव्स्कीच्या तबकडीचं मोल मला त्या क्षणी कळलं.

नळ्या दमास्कसच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या, त्यांत आजची जोरदार काडतुसं घालायची नाहीत, ही तुमची ताकीद नातवंडांना बजावून सांगितली आहे. तुम्ही लिहून दिलेला कागद आजींनी बंदुकीच्याच पेटीत ठेवलाय. त्यांना तुम्हाला भेटायचंय. काकूंनाही घेऊन या, जेवायलाच या.

तुमचा कृतज्ञ,
ओहायोतला एक पुतण्या