हरल्याची तक्रार नको, सरावाची कर

चि. माऊ,

अनेक आशीर्वाद.

खेळाच्या सरांना काढा म्हणून तुम्ही मुली प्राचार्यांना अर्ज देणार आहात आणि तुझी सही राहिली आहे. तू पाठवलेला अर्जाचा फोटो मी दोनदा वाचला. आहे तसा त्यावर सही करू नकोस. कारण सांगते.

अर्जाचा निम्मा भाग हरण्याबद्दल आहे. विभागीय मैदानी स्पर्धेत एकही पदक नाही, ४ × १०० रिलेत बॅटन पडला, ८०० मीटरला आपल्या मुली शेवटी आल्या, म्हणून सर नकोत. हे मला पटत नाही. तुमच्या कॉलेजात कबड्डी, खो-खो, क्रिकेट, बुद्धिबळ, सगळ्याला मिळून एकच क्रीडा संचालक. स्पर्धेचं पत्रक आलं की पंधरा दिवस आधी वर्गावर्गांतून पळणाऱ्या मुली गोळा करायच्या, आणि बॅटन हातात द्यायचा. बॅटन बदलायला दोन मुलींची पावलं महिनोन् महिने जुळवावी लागतात. तो पडणारच होता.

दुसरं म्हणजे, चांगल्या मुली टिकत नाहीत. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की त्या अकॅडमीत जातात. भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण, आणि त्यावर घर उभं राहतं. आपल्या माण तालुक्यात अशी किती घरं आहेत, तुला सांगायला नको. त्या मुलींना मी कधीच नावं ठेवणार नाही. पण त्यामुळं कॉलेजच्या संघात तिसऱ्या वर्षाची, अनुभवी अशी मुलगीच उरत नाही. उद्या दुसरे सर आले तरी जूनमध्ये त्यांच्यापुढं हेच असणार.

आता अर्जाचा दुसरा भाग, जो तुम्ही शेवटी दोन ओळींत उरकला आहे. तोच खरा आहे. रोज डांबरी रस्त्यावर ४०० मीटरचे सहा फेरे, सगळे पूर्ण जोर लावून, सोमवारीही तेच आणि शनिवारीही तेच. नडगी दुखते म्हणणाऱ्या मुलीला "नखरे करू नको". आणि मुलांच्या देखत मुलींच्या वजनावर बोलणं. माऊ, हे वाचून माझा जीव जळला. शाळेतल्या लहान पोरींनासुद्धा मी असं पळवत नाही.

८०० मीटरला निम्म्याहून जास्त ताकद दमश्वासातून येते. म्हणून आठवड्यातले बरेच दिवस बोलत बोलत पळता येईल अशा संथ गतीनं, मातीवर किंवा गवतावर पळायचं असतं. जोराचे फेरे आठवड्यात एक-दोनदा, मधे पुरेशी विश्रांती देऊन. रोज जोर लावला की शरीर भरून येत नाही, वेळ सुधारत नाही, आणि मुलीला वाटतं आपल्यातच दम नाही. नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट ठेवलं की कळ येत असेल तर तिथं बारीक चीर असू शकते. त्यावर पळवणं म्हणजे हाड मोडायला लावणं. आणि वजनाच्या धाकानं मुली जेवण तोडतात, मग पाळी चुकते, मग हाडं ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या दुखण्याला नाव देऊन सगळ्या प्रशिक्षकांना सावध केलं.

कडक सर म्हणजे वाईट सर, असं मात्र मी म्हणत नाही. आपल्या मोहीच्या ललिता बाबर निकोलाय स्नेसारेव्ह या अतिशय कडक प्रशिक्षकाकडं तयार झाल्या. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या ३००० मीटर शर्यतीच्या, प्राथमिक फेरीत ९:१९.७६ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत पळाल्या. त्याच स्नेसारेव्ह यांच्याकडं बीडच्या मांडव्याचे अविनाश साबळेही गेले होते. त्यांना ते वेळापत्रक झेपलं नाही. ते सैन्यातल्या आपल्या अमरीश कुमार सरांकडं परत आले, आणि २०१९ ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत त्याच शर्यतीत ८:२१.३७ मिनिटांची वेळ देऊन ऑलिंपिकला पात्र ठरले. दोघंही दुष्काळी गावांतले, दोघंही जिद्दी. एकाला मानवलं ते दुसऱ्याला मानवलं नाही, एवढंच. तुझे सर सगळ्यांना एकाच मापानं पळवतात आणि कुणाला काय होतंय हे विचारत नाहीत. माझी तक्रार तिथं आहे.

आणि नाशिककडं बघ. विजेंद्र सिंग सरांनी तिथं वर्षानुवर्षं एकाच मैदानावर मुली घडवल्या. सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य मिळवलं, आणि त्याच सरांच्या संजीवनी जाधवनं २०१७ ला तैपेईत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत त्याच अंतराला रौप्य. मोठीच्या मागं धाकटी पळत होती. तुमच्याकडं दर जूनला कोऱ्या पाटीपासून सुरुवात होते, आणि कोणत्याही सरांना हटवून ते बदलणार नाही.

तेव्हा अर्ज नव्यानं लिहा. पदकांचा शब्द त्यात नको. वजनावरचं बोलणं वेगळ्या कागदावर लिहा, तारीख आणि तिथं कोण होतं ते घाला, आणि तो कागद कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडं द्या. त्यावर तू पहिली सही कर. सरावाचं मात्र आधी सरांशी समोर बसून बोला. ऐकलं नाही तर प्राचार्यांकडं जा आणि मागा: जुलै ते फेब्रुवारीचं लेखी वेळापत्रक, डांबराऐवजी मैदान, दुखापत झालेल्या मुलीला डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत सुट्टी, आणि आठवड्यातून तीन दिवस मैदानी खेळांचा शिकलेला प्रशिक्षक. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची (एनआयएस) प्रशिक्षणाची पदविका घेतलेली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. जिमखाना फी तुम्ही सगळे भरता, ती कुठं खर्च होते हे विचारायला लाजू नका.

कबड्डीच्या मुलींनाही सोबत घ्या. त्यांचेही हेच हाल असणार.

तुझ्याबद्दल एक. दोन महिने पाळी आली नाही, हे तू बोलता बोलता सांगितलंस, जसं काही विशेष नाही. विशेष आहे. या आठवड्यात जोराचे फेरे बंद. मेसमध्ये रात्रीची भाकरी सोडायची नाही. पैसे पाठवले आहेत, सोमवारी जाऊन रक्त तपास आणि बाईडॉक्टरांना दाखव. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर त्या सांगतील तेव्हाच पळायला लाग. रिपोर्ट आला की लगेच फोटो पाठव, मी शाळेत असले तरी बघेन.

तुझी,
आई